कुंपणाला लागून

सोमवार, ३० मे २०१६. सकाळ

नवतप्याचा सहावा दिवस. या नऊ दिवसांत विदर्भात सकाळ अशी फारशी उरत नाही, सात वाजताच चटके बसू लागतात. वर्धा जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं या दिवसांत नेहमीचंच. देवळी तालुक्यातला शेतकरी उजाडायच्या आत शेतात जातो आणि दहाच्या आत घर गाठतो. मृग आठवड्यावर आलेला. वखरणी आटोपलेली, धुऱ्यावरचा काडीकचरा वेचून पेटवलेला. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं कुणी आणून ठेवलेली, तर कुणाची कृषी केंद्रात उधारीची बोलणी चाललेली.

पुलगाव याच तालुक्यातलं. वर्धा नदीच्या काठावरचं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं गाव. जुन्या लोकांना ते कापसाच्या गिरणीमुळे आणि आर्वीच्या नॅरोगेज गाडीमुळे माहीत. बाकी देशाला ते माहीत आहे, जर असेल तर, दारूगोळ्यामुळे. इथलं केंद्रीय दारूगोळा भांडार सुमारे ७००० एकरांवर पसरलेलं आहे आणि देशातलं सर्वांत मोठं मानलं जातं. आयुध निर्माण्यांत तयार झालेला माल इथे येतो, साठवला जातो आणि इथून पुढे लष्कराच्या तळांकडे जातो. आमच्या भागात त्याला कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही. ‘डेपो’ एवढंच म्हणतात. अमक्याचा मुलगा डेपोत लागला, म्हणजे त्या घराची काळजी मिटली.

कुंपणाच्या बाहेर आगरगाव, नागझरी, पिपरी अशी गावं आहेत. आत काय आहे ते या गावांना ठाऊक नाही आणि ठाऊक असूही नये. शस्त्रसाठ्याची माहिती गुप्त राहायला हवी, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण आत काय ठेवलं आहे ही एक गोष्ट, आणि आत काही झालं तर आपण काय करायचं ही अगदी वेगळी गोष्ट. पहिली गुपित आहे म्हणून दुसरीबद्दलही कुणी बोलायचं नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. त्या सोमवारी सकाळी या गावांतल्या कुणाला विचारलं असतं, की रात्री डेपोत आग लागली तर कोणत्या रस्त्याने निघाल, तर प्रत्येकाने आपापल्या मनाने उत्तर दिलं असतं.

दुपार

या दुपारचं महत्त्व नंतर कळलं. त्या रात्रीच्या आगीचं सरकारने पुढे सांगितलेलं कारण धरलं, तर घात कुंपणाच्या आत, पेट्यांमध्ये, कसलाही आवाज न होता शिजत होता.

त्या पेट्यांत रणगाडाविरोधी सुरुंग होते. त्यांचा एक प्रकार आहे, ‘वन ए एनडी’. यातल्या ‘एनडी’चा अर्थ असा, की धातुशोधक यंत्राला तो सापडू नये. आत टीएनटी भरलेलं असतं. शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि म्हणूनच ते वितळवून सुरुंगाच्या कवचात ओतता येतं. एरवी ते बरंच समजूतदार स्फोटक आहे. हातातून पडलं म्हणून फुटत नाही, फोडायला डेटोनेटर लागतो. गेली शंभर वर्षं जगभरची सैन्यं ते वापरत आली ती याच भरवशावर.

पण टीएनटी पुरेसं शुद्ध नसेल, तर त्यात निर्मितीच्या वेळी राहून गेलेली दुसरी नायट्रो-संयुगं असतात. त्यांचं टीएनटीशी मिश्रण खूपच कमी तापमानाला पातळ होतं. बरणीतलं घट्ट तूप मे महिन्यात कडेने सुटावं, तसा एक तेलकट, पिवळसर-तपकिरी द्रव सुरुंगातून बाहेर येऊ लागतो. तो कवचाच्या सांध्यातून झिरपतो, पेटीच्या लाकडात मुरतो, जमिनीवर ओघळतो. लाकूड, कागद, कापूस अशा शोषून घेणाऱ्या वस्तूंत हा द्रव भिनला, की त्या वस्तूच ज्वालाग्राही होतात. सहज पेटतात आणि झपाट्याने जळतात. आणि ही आग शेजारच्या मूळ टीएनटीपर्यंत पोहोचली, की ते नुसतं जळत राहील याची खात्री उरत नाही. आग आणि स्फोट यांच्यातलं अंतर तिथे संपतं.

स्फोटकं साठवणाऱ्या कुठल्याही खात्याला हे नवीन नाही. टीएनटी पाझरतं, उष्णतेने जास्त पाझरतं, पाझरलेला माल वेगळा काढावा लागतो, वेळेत नष्ट करावा लागतो, हे जगभरच्या लष्करी नियमपुस्तकांत आहे. विदर्भात मे महिन्यात शेडमध्ये किती तापत असेल, याचा अंदाज इथल्या टिनाच्या घरात दुपार काढलेल्या कुणालाही करता येईल.

म्हणून मी या घटनेला अपघात म्हणायला कचरतो. पाझरणं एका रात्रीत होत नाही. त्याला महिने लागतात, वर्षं लागतात.

संध्याकाळ

ऊन उतरलं, गावं बाहेर पडली. पारावर गप्पा, बैलांना पाणी, पोरांचं क्रिकेट.

या घटकेला दिल्लीत कुठेतरी एक अहवाल वर्षभर पडून होता. लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल मे २०१५ मध्ये संसदेत मांडला गेला होता. साठा किती दिवस पुरेल यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्याच अहवालात आणखी एक नोंद होती. भांडारांत अग्निशमनाची साधनं ठरल्या प्रमाणात नाहीत, त्यामुळे ती आगीच्या धोक्याखाली चालताहेत, अशी ती नोंद. तिच्यावर कुणी गदारोळ केला नाही.

आणि धडे तर त्याआधीचेही होते. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानात भरतपूरच्या भांडाराला आग लागली, ती वाळलेल्या गवतातून पसरली. तोही उन्हाळाच. ऑगस्ट २००७ मध्ये काश्मिरात अनंतनागजवळच्या खुंदरू भांडारात स्फोट झाले आणि आसपासच्या गावांतल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. कुंपणाजवळच्या गावाचं काय होतं, हे खुंदरूने दाखवून दिलं होतं. त्यानंतर अशा प्रत्येक भांडाराशेजारच्या प्रत्येक गावात निदान एक फलक लागायला हवा होता. बाण दाखवणारा, एवढाच.

रात्री दहा ते बारा

मे महिन्यात वर्ध्याकडचं माणूस घरात झोपत नाही. ज्याच्याकडे कूलर आहे तो कूलरपुढे, बाकीचे अंगणात खाटा टाकून नाहीतर गच्चीवर. दिवसभर तापलेली भिंत रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहते. त्या रात्री या सवयीने कुंपणालगतच्या गावांत किती जणांना वाचवलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. ज्या खोल्यांची तावदानं फुटली, कवेलू आणि प्लास्टर खाली आलं, त्या खोल्यांत माणसं कमी होती.

मध्यरात्रीनंतर, साडेबारा ते एक

तारीख बदलली. मंगळवार, ३१ मे.

भांडारातल्या एका शेडला आग लागली. अतिस्फोटक दारूगोळ्याची शेड. सूचना गेली आणि भांडाराचं स्वतःचं अग्निशमन दल निघालं. सोबत संरक्षण सुरक्षा दलाचे जवान आणि अधिकारी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बातम्यांत हा भाग एका ओळीत उरकला गेला. अग्निशमन दलातले बहुतेक जण नागरी कर्मचारी होते. हातात बंदूक नसलेली, पगारावर जगणारी माणसं. ती ज्या आगीकडे निघाली, ती कशाची आहे हे त्यांना बाहेरच्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. दारूगोळ्याच्या आगीचं साधं गणित त्यांना शिकवलेलं असतं. आग मालाच्या बाहेर असेल, पेट्यांना, गवताला, छपराला असेल, तर झुंजायचं. मालालाच लागली असेल, तर मागे सरायचं. सुरुंगांसारखा माल आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सर्वांत धोकादायक गटात येतो. त्यात एक-एक नग फुटत नाही, सगळा साठा एकदमच उडतो. अडचण अशी, की आग बाहेर आहे का आतपर्यंत गेली, हे मध्यरात्री धुरात उभं राहून ओळखायचं असतं. शिवाय शेजारी दुसऱ्या शेड असतात. मागे सरायचं, तर त्या आगीच्या हवाली करायच्या.

ते मागे सरले नाहीत.

मराठी वाचकाला अशी एक दुपार आधीपासून माहीत आहे. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. दोनच्या सुमारास धूर दिसला. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. दोन तास बंबवाले पाण्याचे फवारे मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला, साडेचारच्या पुढे दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी. पुलगावनंतर चार वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, बैरूत बंदरातल्या गोदामाला आग लागली म्हणून दहा जणांचं पथक धावलं आणि २७५० टन अमोनियम नायट्रेटच्या स्फोटात ते सगळं पथक संपलं. तिन्ही ठिकाणी आधी आग होती. तिन्ही ठिकाणी विझवायला गेलेली माणसं त्या साठ्याच्या सर्वांत जवळ होती.

स्फोट

आम्ही देवळीला गच्चीवर होतो. आधी आवाज आला नाही. खाटेचे पाय हलले, मग जिन्याचं दार आपोआप आपटलं आणि त्यानंतर तो आवाज. कानापेक्षा छातीत जास्त बसला. खालच्या घरातून कुणीतरी ओरडलं, “बापा, सिलिंडर फुटलं का काय कोणाचं?” वस्तीत आवाज झाला की पहिला संशय गॅसवरच जातो. लोक आपापल्या स्वयंपाकघरात पळाले, रेग्युलेटर बंद करू लागले. शेजारच्या बाईने तर टाकी उचलून अंगणात आणून ठेवली.

मग कुणाचं तरी लक्ष क्षितिजाकडे गेलं. पुलगावच्या बाजूचं आभाळ तांबडं झालं होतं. सूर्य मावळताना होतं तसं नव्हे. खालून वर चढत जाणारं, मधेच गच्च पांढरं होऊन परत तांबडं होणारं. गच्चीवर एक शब्द कुणी बोललं नाही. पुढचा धमाका झाला तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं, “डेपो!”

रात्री दीड ते चार

कुंपणाजवळच्या गावांत विचार करायला वेळच नव्हता. दारं बिजागऱ्यांतून निसटली, काचा अंगणात आल्या. लोक निघाले. कुणी मोटरसायकलवर चौघं, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सबंध आळी, बरेचसे पायीच. ज्यांना निघवत नव्हतं त्यांना खाटेसकट उचललं. जिल्हा प्रशासनाची यंत्रणा कामाला लागली, लोकांना सुरक्षित जागी हलवणं सुरू झालं. पण सर्वांत आधी बाहेर पडले ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. ज्या बाजूला आभाळ काळं होतं, त्या बाजूला ते पळाले. वाऱ्याची दिशा, पक्का रस्ता, पुढे पूल आहे का नाला, यातलं काहीही न ठरवता.

देवळीच्या रस्त्यावर एक ट्रॉली येऊन थांबली. बायका, पोरं, एक बकरी. एक म्हातारा कोपऱ्यात मांडीवर पिशवी आवळून बसलेला. पोरांनी हात देऊन उतरवलं, तरी पिशवी सोडेना. आत कपाशीच्या बियाण्याची तीन पाकिटं होती, साडेचारशे ग्रॅमवाली. घरातलं दुसरं काहीच त्याने घेतलं नव्हतं. “ढोरं सोडून देल्ले,” तो एवढंच परत परत सांगत होता, “दावे कापून देल्ले ढोरायचे.” कुणीतरी चहा आणला. त्याने घेतला नाही. उजाडायच्या आधी परत जाऊन ढोरं शोधायची म्हणत होता. दोन पोरांनी त्याला धरून ठेवलं.

त्या रात्री देवळीत दारं उघडी होती. ओळख न विचारता लोकांनी लोकांना घरात घेतलं, पाण्याचे ड्रम रस्त्यावर आणून ठेवले. एवढं चांगलं त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

पहाट आणि सकाळ

उजाडेपर्यंत आग आटोक्यात आली. दिल्लीत लष्करी मोहिमांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग यांनी सांगितलं, की आग एकाच शेडपुरती राहिली आहे, बाकीच्या शेड सुरक्षित आहेत.

हे एक वाक्य किती मोठं आहे, ते ७००० एकर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय समजत नाही. दारूगोळ्याच्या शेड एकमेकींपासून अंतर राखून बांधतात, मधे मातीचे बांध घालतात, ते एकीची आग दुसरीला लागू नये म्हणूनच. ती रचना कामाला आली. पण रचना एकटी पुरत नाही. बांधाच्या अलीकडे कुणीतरी उभं राहावं लागतं. जे उभे राहिले, त्यांच्यामुळे आगरगाव आणि नागझरी नकाशावर आहेत, असं मी मानतो, आणि यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

दुपारपर्यंत आकडे आले. मृत्यू सोळा: दोन अधिकारी, संरक्षण सुरक्षा दलाचा एक जवान आणि अग्निशमन दलाचे तेरा. सोळांत तेरा बंबवाले. अधिकाऱ्यांत लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर के. मनोज. जखमी सतरा. जखमींना वर्ध्याजवळ सावंगीच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा १९ वर गेला. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि लष्करप्रमुख जनरल दलबीर सिंग ३१ मे रोजीच पुलगावला आले.

वर्तमानपत्रांनी मृतांना हुतात्मा म्हटलं, ते बरोबरच आहे. मला एवढंच खटकतं, की तेरा जणांच्या दलाबद्दल पुढे फार कमी विचारलं गेलं. त्यांच्याकडे बंब किती होते, कपडे कोणते होते, आगीतल्या मालाची माहिती त्यांना निघतानाच मिळाली होती का. महालेखापरीक्षकांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं इथेच.

जुलै

कारण संसदेत सांगितलं गेलं, पर्रीकरांनीच सांगितलं. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरलं आणि त्यातून आग लागली. घातपात नाही, वीज पडली नाही, कुणी विडी टाकली नाही.

तोवर पाऊस पडला होता. गावकरी केव्हाच परतले होते. फुटलेल्या काचांचे पंचनामे झाले, भिंतींच्या भेगांना सिमेंट लागलं, पेरण्या झाल्या. परतणं भागच होतं. जमीन तिथेच आहे. संरक्षण आस्थापनांभोवती बांधकामावर निर्बंध घालणारा कायदा १९०३ सालापासून आपल्याकडे आहे. घर कुठे बांधू नये ते तो सांगतो. ज्यांची घरं आधीच तिथे आहेत, त्यांनी रात्री एक वाजता काय करावं, हे सांगणारं गावात काहीतरी हवं. एक भोंगा, ज्याचा आवाज गावाने आधी ऐकलेला असेल. एक ठरलेला रस्ता. उन्हाळ्यापूर्वी एकदा सराव. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला एक फोन नंबर. यातल्या कशानेही देशाचं कुठलंच गुपित फुटत नाही. खर्च तर एका सुरुंगाच्या पेटीएवढाही नसेल.

मंगळवार, २० नोव्हेंबर २०१८. सकाळी सात

अडीच वर्षांनी पुन्हा. या वेळी ठिकाण भांडाराच्या शेड नव्हत्या, तर सोनेगाव (आबाजी) जवळचं मैदान, जिथे निकामी झालेला दारूगोळा नष्ट करतात. पाझरलेला, जुना झालेला माल वेळेत नष्ट करायचा असतो, असं वर लिहिलं. ते काम होतं ते इथे. जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा माल आला होता. खड्डे खणणं, गाडीतून पेट्या उतरवणं, हे काम कंत्राटावर आलेले मजूर करत होते. आसपासच्या गावांतली माणसं. मळ्यात मजुरी मिळते त्यापेक्षा इथे चार पैसे जास्त मिळतात, आणि स्फोटानंतर उरलेलं पितळ-लोखंड भंगारात विकता येतं, म्हणून पहाटेच येऊन थांबणारी.

यांना आग दिसली नाही, धूर दिसला नाही, पळायला रात्रही मिळाली नाही. पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यातला एक निर्माणीचा कर्मचारी, बाकीचे मजूर. जखमींना सावंगीच्याच रुग्णालयात नेलं.